डब्यावर लिहिलं 'बॅटरी ५ वर्षं': संत्र्याच्या बगीच्यात लावलेल्या वायरलेस सेन्सर किटचा रिव्ह्यू

आधीच सांगून देतो, म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो मोकळा. किट घेण्यासारखं आहे, पण डब्यावर 'बॅटरी ५ वर्षं' छापलंय त्याच्या भरवशावर घेऊ नका. पाच वर्षं होऊ शकतात, त्याच डब्यात, त्याच सेलवर, पण कंपनी ज्या सेटिंगवर पाठवते त्या सेटिंगवर नाही होत. आणि हे विकायला आलेला पोट्टा सांगत नाही, कारण बहुतेक त्यालाच माहीत नसते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असे डबे आता बरेच जण विकून राहिले, आतमधे सगळ्यांचं जवळपास सारखंच असते, आणि खाली सर्व्हिसबद्दल जे लिहिलंय त्यावरून उगाच भांडणं नको.

किटमधे चार नोड आणि एक गेटवे. नोड म्हणजे पंजाएवढा राखाडी डबा, वर अँटेना, खालून दोन केबल आणि त्यांच्या टोकाला जमिनीत गाडायचे ओलाव्याचे प्रोब, एक वर एक खोल. गेटवे विहिरीजवळच्या खोलीवर बसवला, तो चारही नोडचं ऐकतो आणि सिमकार्डवरून पुढं इंटरनेटवर टाकतो. मधला रेडिओ लोरा आहे (कमी विजेत लांब पोचणारा), आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनलायसन्सचा आहे त्याच्यावर चालतो. सगळं मिळून तीस हजाराच्या आतबाहेर पडलं, सिमचा रिचार्ज वेगळा.

बगीचा मोठेबाबांचा, काटोलकडे, मी नागपुरात राहतो आणि शनिवार-रविवार चक्कर मारतो. ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी: आंबिया बहार धरायचा असल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागते, मृग धरायचा तर मे मधे. ताण कमी बसला तर फूल नीट निघत नाही आणि जास्त झाला तर झाड खचते. आपली काळी माती मोठी फसवी, वरून भेगा पडलेल्या आणि हातभर खाली अजून ओल. उलट ताण सोडल्यावर पाणी जास्त दिलं तर बुंध्यापाशी ओल साचून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. म्हणून खाली किती ओल आहे ते कळणं कामाचं. मोठेबाबांचं म्हणणं साधं होतं, "माती मुठीत धरली का समजते मले, तुया डबा काय नवीन सांगन?" वरच्या वीतभर मातीपुरतं ते बरोबरच आहे, पण रोज कोण खड्डा खोदून बघते.

आता मुद्द्यावर येतो, बॅटरी.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, तो म्हणाला मामा शेतात नेण्याआधी उघडून बघू. चार स्क्रू, रबरी गॅस्केट, आणि बाहेर बटन नाहीच. डब्याच्या एका बाजूला लोहचुंबक फिरवला की आतला रीड स्विच लागतो आणि नोड जागा होतो. बटन नाही म्हणजे पाणी शिरायला एक भोक कमी, हे मला आवडलं. सतत जळणारा एलईडीही नाही, हे त्याहून आवडलं, कारण बोर्डावरचा तो इवलासा लाल दिवाच एक-दोन मिलीअँप खाऊन जाते आणि अशा डब्यात तेवढं म्हणजे दरोडा. आत एए साईजचा लिथियम थायोनिल क्लोराईड सेल, ३.६ व्होल्ट, २४०० एमएएच, आणि शेजारी एक जाडजूड कपॅसिटर. तो कपॅसिटर शोभेचा नाही. हा सेल वर्षानुवर्षं थोडा थोडा करंट द्यायला एक नंबर, पण एकदम जोरात मागितला की बसतो, म्हणून रेडिओ बोलायला लागला की तो झटका कपॅसिटर झेलते.

भाच्यानं मल्टिमीटर सीरिजमधे लावला मायक्रोअँपच्या रेंजवर आणि नोड चालूच होईना. चालू होताना करंट जास्त लागते, त्या रेंजवर मीटरच्या आतच व्होल्टेज पडते, नोडला पुरत नाही आणि तो परत परत रीसेट होत राहते. मग त्यानं मीटरच्या दोन्ही टोकांवर एक वायर आडवी टाकली, नोड चालू झाला, एकदा बोलला, झोपला, आणि झोपल्यावर वायर काढून घेतली. मीटरवर ९ मायक्रोअँप. पोट्टा खूश, म्हणे हे डिझाईन करणाऱ्याला काम येते. मी पण खूश, कारण याच आकड्यावर सगळं अवलंबून असते. नोड दिवसातल्या चोवीस तासातले जवळपास चोवीसही तास झोपूनच असते नं, तर झोपेत काय खाते तेच पहिले विचारा. नागपूरच्या बर्डीत मिळणारे वायफायवाले स्वस्त बोर्ड आहेत, त्यातली चिप डीप स्लीपमधे १०-२० मायक्रोअँपच घेते हे खरं, पण त्याच बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटा पाचेक मिलीअँप बसल्या बसल्या पिऊन जाते. पाच मिलीअँप म्हणजे दिवसाला १२० एमएएच. आमचा हा २४०० चा सेल त्याला वीस दिवस पुरल. म्हणून 'घरीच बनवतो, पाचशेत होते' म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, बनवा, पण रेग्युलेटर बदला.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढच्या पॅरावर जा. नोड जागा झाला की आधी प्रोबला करंट देते, प्रोब स्थिर व्हायला साधारण दोन सेकंद, १५ मिलीअँपनं, म्हणजे ३० मिलीअँप-सेकंद. मग रेडिओ. जवळचा नोड एसएफ७ वर, म्हणजे लोराच्या सगळ्यात झटपट पायरीवर बोलते, छोटा मेसेज ६० मिलिसेकंदात आटोपते, ४० मिलीअँप धरले तरी अडीचच मिलीअँप-सेकंद. त्यानंतर थोडा वेळ ऐकते. एकूण ३३ च्या आसपास. कंपनीचं सेटिंग दर १५ मिनिटांनी एक मेसेज, म्हणजे दिवसाला ९६. हे झाले ०.८८ एमएएच, झोपेचे ०.२२, दिवसाला १.१. चोवीसशे भागिले १.१ केलं तर सहा वर्षांच्या जवळ जाते, त्यातून सेल स्वतःच्या स्वतः जो थोडा उतरते तो वजा करा, आली पाच वर्षं. म्हणजे डब्यावरचा आकडा खोटा नाही. फक्त तो गेटवेच्या कुशीत बसलेल्या नोडचा आकडा आहे. आणि यात अजून एक बघा, जवळच्या नोडात रेडिओपेक्षा प्रोबच दहापट जास्त खाऊन राहिला. सगळे जण रेडिओ-रेडिओ करतात आणि प्रोबचं कोणी नाव काढत नाही.

आमचा चौथा नोड नाल्याच्या पलीकडे, खोलगट जागी, मधे झाडांच्या ओळीवर ओळी. संत्र्याचा घेर आणि पानातलं पाणी सिग्नल चांगलंच खाते. तो नोड एसएफ१२ वर गेला. लोरात एसएफ७ पासून १२ पर्यंत पायऱ्या असतात, दर पायरीला पोच वाढते आणि बोलायचा वेळ जवळपास दुप्पट होते. एसएफ१२ वर तोच मेसेज जवळपास दीड सेकंद घेते. दीड सेकंद गुणिले ४० म्हणजे ६०, प्रोबचे ३०, ऐकायचे पाचेक, झाले ९५. तेच १५ मिनिटांचं सेटिंग ठेवलं तर दिवसाला पावणेतीन एमएएच, सेल अडीच वर्षंही गाठत नाही. आता याच नोडला तासाला एक मेसेज करा, दिवसाचा खर्च ०.८५ वर येते आणि कागदावर सात वर्षांच्या वर जाते. सात वर्षं कोणी बघितली ते सोडा, पण एका सेटिंगमधे एवढा फरक. आणि काळ्या मातीत हातभर खाली १५ मिनिटात बदलून बदलून बदलते काय? ड्रिप चालू असल तेव्हा ठीक, बाकी वेळ तासाला एक पण जास्तच आहे.

ॲपमधे ॲडव्हान्स्ड नावाच्या कप्प्यात, दोनदा 'आर यू शुअर' विचारून झाल्यावर, एक लय भारी ऑप्शन लपवून ठेवलाय: 'बदल झाला तरच पाठवा'. तुम्ही सांगायचं की ओलावा दोन टक्क्यांनी हलला तर बोल, नाहीतर सहा तासांनी एकदा 'जिवंत आहे' एवढं सांग. डोकं नोडच्या आतच चालते, रेडिओ गप्प. ही आयडिया या धंद्यात जुनीच आहे, २००० सालच्या एका पेपरात पॉटी आणि कायझर या दोघांनी हिशोब मांडला होता की थोडासा डेटा १०० मीटर पाठवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात प्रोसेसर लाखो इन्स्ट्रक्शन करून टाकते. तेव्हाच्या चिपांचा हिशोब आहे तो, पण रेडिओपेक्षा डोकं चालवणं स्वस्त हे आजही तसंच. मग एवढं कामाचं सेटिंग डिफॉल्टमधे काऊन नाही? माझा अंदाज, दुकानात डेमो देताना ग्राफ सळसळत हलला पाहिजे, सहा तासांनी एक ठिपका आला तर गिऱ्हाईक म्हणल बिघडला.

आता तक्रार. मे च्या शेवटी वादळ आलं, तिकडची लाईन दोन-अडीच दिवस गेली. गेटवेला कंपनीची छोटी बॅटरी आहे ती त्याच रात्री बसली. मला वाटलं ठीक आहे, डेटा नाही येणार दोन दिवस, काय बिघडते. लाईन आल्यावर बघतो तर चारपैकी तीन नोड एसएफ१० च्या वर चढून बसलेले, विहिरीपासून हाकेच्या अंतरावरचा पण. झालं काय ते भाच्यानं लोराचं स्टँडर्ड उघडून शोधलं. नोडला गेटवेकडून काहीच उत्तर आलं नाही की ६४ मेसेजनंतर तो 'कोणी आहे का' विचारायला लागते, अजून ३२ मेसेज शांतता असली तर आधी आवाज वाढवते आणि मग दर ३२ मेसेजला एकेक पायरी वर. समोरचा बहिरा झाला असं समजून ओरडून, शब्द ओढून ओढून बोलायला लागते बिचारा. १५ मिनिटांच्या सेटिंगवर ६४ अधिक ३२ म्हणजे बरोबर चोवीस तास, पुढं दर आठ तासांनी एक पायरी. त्यात कंपनीनं सगळे मेसेज 'पोच पाहिजे' असे लावून ठेवलेले, पोच आली नाही की तोच मेसेज परत परत, दरवेळेला. म्हणजे लाईन गेली गेटवेची आणि बॅटरी उतरून राहिली नोडची! आपल्याकडे थ्री फेजचे तास ठरलेले, पहिल्या पावसात डीपी उडणार हे पण ठरलेलं, तर हे विदर्भात विकणाऱ्यानं पहिले बघायला पाहिजे होतं.

कस्टमर केअरला फोन केला तर तिकडची मॅडम म्हणे सर तुमचे नोड जुने झाले, रिप्लेस करावे लागतील. मी म्हटलं अहो नवीन आहेत. मग म्हणे ॲपमधे बॅटरी ९८ टक्के दिसते आहे सर, काही प्रॉब्लेम नाही. दोन्ही उत्तरं एकाच कॉलमधे. आणि त्या ९८ टक्क्याला पण काही अर्थ नाही राजेहो, या जातीचा सेल जवळपास संपेपर्यंत ३.६ व्होल्टच दाखवत राहते आणि शेवटी एकदम पडते. व्होल्टेजवरून टक्के काढणारं ॲप तुम्हाला नोड मरायच्या आधल्या आठवड्यापर्यंत 'मस्त आहे' सांगल. किती मेसेज गेले आणि कोणत्या एसएफवर गेले याचा हिशोब ठेवून अंदाज दाखवणं काही अवघड नाही, सर्व्हरवर सगळा डेटा आहेच. ते करत नाहीत. इंजिनिअरपर्यंत पोचायला तीन जणांना तेच रामायण ऐकवावं लागलं, पण तो माणूस मात्र समजदार निघाला, त्यानं तिकडूनच 'पोच पाहिजे' बंद करून दिलं. गेटवेखाली मी आता ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल टाकलं. गेटवे सतत कान लावून बसलेला असते, त्याला काही वॅट चोवीस तास पाहिजेतच, तिथं कंजूषी करून चालत नाही. वीज वाचवायची ती नोडमधे.

विकताना त्यांनी 'मेश'वालं महाग मॉडेल पण दाखवलं होतं, ज्यात एक नोड दुसऱ्याचा मेसेज पुढं ढकलते. ऐकायला भारी. पण विचार करा, गेटवेजवळचा जो नोड आहे त्याच्यातून सगळ्या वावराचे मेसेज जाणार, तोच पहिले मरणार, आणि तो मेला की मागचे जिवंत असून उपयोग नाही. यावर लोकांनी डोकं लावलं नाही असं नाही. भाच्याचा कॉलेजचा प्रोजेक्टच 'लीच'वर होता, २००० सालचा हाइन्झेलमन आणि तिच्या सोबत्यांचा प्रोटोकॉल, त्यात दर फेरीला लॉटरीनं वेगवेगळे नोड मुकादम होतात, बाकीच्यांचं गोळा करून एकत्र पाठवतात, म्हणजे एकाच्याच बॅटरीवर भार नाही. शंभर नोडांचं सिम्युलेशन होतं त्यात, पाचेक टक्के मुकादम ठेवले की बरं जमते असं निघालं. कॉम्प्युटरवर, मॅटलॅबमधे, ग्राफ सुंदर येते. पण चार नोडात मुकादम कोणाला करता? दोन-चार एकरात लोरा एका उडीत पोचते, सगळे सरळ गेटवेशी बोलतात, कोणी कोणाचं ओझं वाहत नाही. तुमचं वावर डोंगराच्या दोन्ही बाजूला असल तर गोष्ट वेगळी, नाहीतर मेशचे पैसे वाचवा.

सोलरवालं मॉडेल पण आहे, चार्ज होणाऱ्या १८६५० सेलचं. झाडाखाली लावायच्या नोडला ते घेऊ नका. सावलीत पॅनलला ऊन नाही, पावसाळ्यात आठवडाभर झड लागली की ऊन नाही, आणि ऊन असते तेव्हा आपल्याकडे इतकं असते की त्याचाच त्रास. साध्या लिथियम आयन सेलला ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये म्हणतात, नागपुरात मे मधे बाहेरची हवाच तेवढी तापते, बंद डब्यातलं तर विचारूच नका. त्यापेक्षा न चार्ज होणारा थायोनिल सेल बरा. उष्णता त्यालाही आवडत नाही, जास्त उतरते, पण दगा देत नाही. आम्ही डब्याला पांढरा रंग मारला आणि बांबूवर अशा उंचीवर बांधला की डबा घेराच्या सावलीत आणि अँटेना पानांच्या वर. अँटेना वर नेल्याबरोबर नाल्यापलीकडचा नोड एसएफ१२ वरून ९ वर उतरला, एका बांबूत! लोखंडी पाईप वापरू नका, अँटेनाच्या शेजारी लोखंड नको. एक अँटेना माकडांनी वाकवली, त्याला कंपनी जबाबदार नाही.

प्रोबबद्दल एक गोष्ट जी पुस्तिकेत नाही. ताणाच्या वेळी काळी माती आकसते आणि भेग नेमकी प्रोबला चिकटूनच पडते. मग प्रोब माती नाही, हवा मोजून राहिला असते आणि ॲपमधे आकडा धाडकन खाली. आपण म्हणतो ताण पुरा बसला, सोडा पाणी. प्रत्यक्षात शेजारी खणून बघितलं तर ओल होती. बारीक चाळलेल्या मातीचा पातळ काला करून प्रोबभोवती ओतला की काही दिवस बरं चालते, परत भेग पडली की परत ओता. आकडा एकदम पडला तर आधी भेग बघा. आणि तोच आकडा 'बदल झाला तरच पाठवा'वाल्या नोडला दिवसभर बडबडायला लावते ते वेगळं.

ज्यांना ॲप स्लो वाटते त्यांच्यासाठी: ॲपमधून सेटिंग बदललं की लगेच लागू होत नाही, नोडचा पुढचा मेसेज जाईपर्यंत थांबावं लागते. हा बिघाड नाही. नोड फक्त बोलल्यावर, एक सेकंदानं आणि दोन सेकंदानं, क्षणभर कान उघडते आणि परत झोपते. सतत ऐकत बसला तर रिसीव्हरला १० मिलीअँप लागतात, दिवसाला २४० एमएएच, दहा दिवसात सेल खलास. म्हणूनच ड्रिपचा व्हॉल्व्ह उघडणारा जो वेगळा कंट्रोलर ते विकतात तो अशा न चार्ज होणाऱ्या सेलवर नाही चालत, त्याला 'आत्ता उघड' म्हटलं की आत्ताच ऐकावं लागते.

एकूण: नोडचं हार्डवेअर पाचपैकी साडेचार. कंपनीची डिफॉल्ट सेटिंग दीड, ती पण मी चांगल्या मूडमधे आहे म्हणून. ॲप दोन, कस्टमर केअर एक, तो एक इंजिनिअर पाच. घ्यायला गेले तर झोपेतला करंट मायक्रोअँपमधे लिहून मागा, सेल बदलता येते का बघा (काही जण डबा आतून चिकटवूनच टाकतात), आणि बसवायला आलेल्या माणसाला त्याच दिवशी तासाचं सेटिंग करून, 'पोच पाहिजे' बंद करून मग जाऊ द्या. मोठेबाबा अजूनही माती मुठीत धरतात, पण हल्ली आधी विचारतात, "डबा काय म्हणते रे?"

व्हॉल्व्हचा कंट्रोलर घ्यायचा विचार चालू आहे, मॉडेल सोलरवालंच आहे त्यामुळे मन धजत नाही. कळमेश्वर, नरखेड, वरूडकडे कोणी लावला असल आणि मे महिना काढला असल तर त्याच्यात कोणता सेल आहे आणि तो किती तापला ते खाली टाका.